गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा की आयफोन १६ प्रो मॅक्स? सोलापुरात चादरींचं दुकान आहे, दिवसभर फिरती असते.

फिरती आहे म्हणता, तर गॅलेक्सी घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात स्क्रीन वाचता येणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि गॅलेक्सीच्या काचेवर चकाकी कमी करणारा थर आहे. गिऱ्हाइकाला चादरीचं डिझाइन रस्त्यात उभं राहूनही नीट दाखवता येईल. स्क्रीन दोन्हींचा ६.९ इंच, ५ पट झूम दोन्हींत. गॅलेक्सीचं वजन २१८ ग्रॅम, आयफोनचं २२७. शिवाय गॅलेक्सीसोबत पेन मिळतो, ७ वर्षं अपडेट मिळणार.

व्हिडिओ मात्र मला आयफोनचाच आवडतो. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेतल्या नंदीध्वजांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांचे, रील्स करणं हेच मुख्य काम असेल, तर तोच घ्या.

कोणताही घ्या, पण भर उन्हात गाडीच्या हँडलला लावून चार्ज करू नका. उष्णतेनं बॅटरी लवकर खराब होते.