खोडवा पिवळा पडला म्हणून पाचट पेटवू नका

दादा, "खोडवा दीड महिन्याचा झाला, पाचट ठेवलंय, पानं पिवळी पडलीत, पेटवून देऊ का?" हे तुमचं वाचलं आणि माझा पहिला खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, डोळ्यांपुढे आला. पाचटाला, उसाच्या त्या वाळल्या पानांना, काडी लावू नका. आता तर फुटवेही जळतील.

पाचट का ठेवायचं ते तुम्हाला ठाऊक आहेच. पिवळं पडतं ते का, एवढंच सांगतो. पाचटात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम अर्धा टक्का. कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी उचलतात आणि ऊस उपाशी राहतो. नंतर ते परत मिळतं, पण तोवर फुटव्याचे दिवस सरतात. म्हणून सुरुवातीलाच एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं 4 किलो जिवाणू संवर्धक टाकून लगेच पाणी द्यायचं.

मी कुठं मार खाल्ला? पाचट कुजवायचा युरिया आणि उसाच्या खताचा हप्ता, दोन्ही पाचटावरच फोकले. सकाळचं दव होतं. त्याच दिवशी मोटर जळाली, आठ दिवस पाणी नाही. चौथ्या दिवशी रानात गोठ्यासारखा उग्र वास. मला वाटलं, कुजायला लागलं, आणि मी खूश! अमोनिया होऊन माझा युरिया हवेत चालला होता. त्या वर्षी फुटवे निम्मेसुद्धा टिकले नाहीत.

संवर्धकासाठी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. "साठा आला नाही." तिसऱ्या खेपेला साहेब म्हणतात, "पेटवून द्या की, कोण बघतंय?" एकरी तीन-साडेतीन टन पाचट, त्यात तीसेक किलो पालाश, आणि हे सल्ला देतात काडीचा! असो.

आता खत पहारीनं द्या: बुडख्यापासून 10-15 सेंटीमीटरवर, वीतभर खोल, दोन भोकांत फूटभर अंतर. मजूर कुरकुरतात, तरी पहारच.

त्याआधी पानं नीट बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्राची भूक. कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या, तर तो लोह कमी पडून आलेला केवडा. युरियानं काही होणार नाही. माझं रान मध्यम काळं, निचऱ्याचं आहे. तुमचं चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेलं) किंवा पाणथळ असेल तर माझं ऐकून खर्च करू नका, आधी माती तपासा.

बुडखे छाटायचे राहिले असतील तर आता हात लावू नका. आणि पाचटाखाली उंदरांची बिळं बघत जा, माझ्याकडं दरवर्षी बांधाकडच्या दोन सऱ्या तेच खातात.