लिंक मागणारे मेल: खरे कुठले, फसवे कुठले

ताई, तुमच्या पर्यटनाच्या साइटसाठी आलेले तीन मेल खरे की फसवे, असं तुम्ही इथे विचारलंत; तिन्ही नीट वाचले. पहिल्यात म्हटलंय की कुणकेश्वरच्या यात्रेवरच्या तुमच्या पानावरचा फोटो ‘आमच्या अशिलाचा’ आहे, पाच दिवसांत त्याच्या साइटची लिंक द्या, नाहीतर कोर्टात जाऊ. दुसऱ्यात लेख छापायचे पैसे देऊ केलेत. तिसऱ्यात तुमच्या साइटला ‘विषारी’, म्हणजे रद्दी साइटवरून आलेल्या, लिंक लागल्यात म्हणून भीती घातलीय. तिन्ही फसवे आहेत. कौतुकाच्या गोड भाषेवरून किंवा शुद्धलेखनावरून आता काही ओळखता येत नाही. मेल यंत्राकडून लिहून घेतात, त्यामुळे तुमच्या गावाचं नावसुद्धा त्यात बरोबर येतं. समोरचा नेमकं काय मागतोय आणि काय लपवतोय, तेवढं बघायचं.

फोटोच्या मेलने माणूस सगळ्यात जास्त घाबरतो. ज्याचा फोटो खरंच चोरीला गेलाय तो म्हणेल, फोटो काढा किंवा वापराचे पैसे द्या. हा मात्र म्हणतो फोटो राहू दे, फक्त लिंक द्या. म्हणजे त्याला हवी होती ती लिंकच; दुसऱ्यांच्या साइटवरून लिंक मिळाल्या की गूगलच्या शोधात आपली साइट वर येईल, असा त्याचा हिशेब. शिवाय ती लिंक जाते कुठे, तर भलत्याच धंद्याच्या साइटवर. फोटो तुमच्या फोनमधला असेल तर मूळ फाइल जपून ठेवा, तारीख त्यातच असते. विकिमीडिया कॉमन्सवरून घेतला असेल तर फोटोच्या पानावरचा परवाना वाचा. बहुतेक वेळा छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना लिहावा लागतो. तो मान त्या छायाचित्रकाराचा, मेल पाठवणाऱ्याचा नव्हे. वकिलाची शंका राहिलीच तर बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि अशिलाची मालकी दाखवणारा पुरावा मागा. या टोळ्यांच्या साइटवरच्या ‘वकिलां’चे चेहरेही कधी कधी संगणकाने बनवलेले असतात.

दुसरा मेल मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्यात पैसे खरंच मिळू शकतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी हंगामात कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणारे आहेतच. त्यांना पेटीवरचं नाव हवं असतं. तुमची साइट ही तशी पेटी आहे, आणि त्यावर विश्वासून मुंबई-पुण्याची माणसं आगाऊ पैसे भरून होमस्टे बुक करतात. म्हणून अशा माणसाला दोनच प्रश्न विचारा. लिंक नेमकी कुठल्या पत्त्यावर जाणार? आणि लेखावर ‘जाहिरात’ असं लिहून लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ (पैसे घेऊन दिलेली) ही खूण लावली तर चालेल का? पैसे घेऊन दिलेल्या लिंकला ही किंवा ‘नोफॉलो’ची (ही लिंक शिफारस म्हणून धरू नका, असं गूगलला सांगणारी) खूण हवी, असा गूगलचा नियम आहे; ‘स्पॉन्सर्ड’ची खूण २०१९ पासूनची. खरा जाहिरातदार हो म्हणतो. फसवा म्हणतो, ‘नको, डू-फॉलोच, म्हणजे बिनखुणेचीच लिंक हवी, आणि जाहिरात असं कुठे लिहू नका.’ संवाद तिथेच थांबवा.

पत्ता विचारायचं आणखी एक कारण आहे. पर्यटनाच्या निरुपद्रवी लेखात मधेच एका शब्दावर सट्ट्याच्या साइटची लिंक दडवलेली असते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात केली तर २०२५ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. थोड्या रकमेसाठी हा धोका घरात घेऊ नका, कळकळीने सांगतो.

‘तुमचा डीए अमुक आहे, आम्ही वाढवून देतो’ असं म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइटचं वजन किती याचा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाज आहे, गूगल तो आकडा वापरत नाही. ढिगाने विकत घेतलेल्या लिंकवर २०१२ मध्ये अशा लिंक पकडणारा गूगलचा ‘पेंग्विन’ हा बदल आला, तेव्हापासून तो पैसा बहुतेक पाण्यातच जातो.

तिसऱ्या मेलसाठी सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) उघडा आणि ‘मॅन्युअल ॲक्शन’चं, म्हणजे गूगलने साइटवर केलेल्या कारवाईचं, पान बघा. तिथे काही नसेल तर कुणाला एक रुपयाही देऊ नका. कुठल्या तरी रद्दी साइट आपल्याला लिंक देतच असतात, गूगल त्या बहुतेक वेळा सोडून देतं. लिंक नाकारायचं ‘डिसअव्हाउ’ हत्यारही उगाच चालवू नका, चांगल्या लिंक त्यात जातात.

सगळेच मेल खोटे नसतात. ‘तुमच्या पानावरची एसटीच्या वेळापत्रकाची लिंक तुटलीय’ असं कुणी कळवलं तर तपासा. खरंच तुटली असेल तर आभार माना आणि मूळ ठिकाणचा नवा पत्ता स्वतः शोधून लावा. त्याने पुढे केलेली साइट लावायची गरज नाही.

आणि दुसऱ्या मेलवाल्याने ‘लेख आम्हीच टाकतो’ म्हणून वर्डप्रेसचं लॉगिन मागितलंय. ते दिलं असेल तर त्याचं खातं आजच काढा, तुमचा पासवर्ड बदला आणि जुन्या लेखांमध्ये नकळत घुसवलेल्या लिंक आहेत का ते एकेक उघडून बघा. काही सापडलं तर इथेच लिहा, मी बघतो.