सुरमईच्या भावाला ओहोटी लागते का?

दापोली तालुक्यातल्या बारावीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: "स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजीतले अवघड शब्द पाठ करतेय. यादीत 'एब' म्हणजे 'कमी होणे' असं दिलंय. नारळी पौर्णिमेनंतर सुरमईचा भाव कमी झाला, हे इंग्रजी निबंधात लिहिताना मी 'एब' वापरला. बाईंनी खाली लाल रेघ मारली. अर्थ बरोबर असताना शब्द चुकला कसा? आणि 'स्प्रिंग टाइड' म्हणजे वसंतातली भरती का?"

बाईंचं बरोबर आहे. यादीने तुला अर्धाच अर्थ दिला, आणि उरलेला अर्धा तुझ्या घरासमोरच आहे.

'एब' हा मुळात ओहोटीचा शब्द. ओहोटी तू लहानपणापासून बघत आली आहेस. भरती पुरी झाली की पाणी जरा थबकतं आणि मग सहा तासांच्या आसपास मागे सरत राहतं. पुळण उघडी पडते, खडपं वर येतात, खाडीतल्या होड्या चिखलाला टेकतात. कुठल्या क्षणी पाणी कमी झालं ते सांगता येत नाही. ही संथ, ओढून नेणारी चाल 'एब'मध्ये अजून शिल्लक आहे. म्हणून इंग्रजीत एब होते ती अंगातली ताकद, धीर, उत्साह, लोकांचा पाठिंबा, दुखण्याची कळ. बंदरावरच्या लिलावात भाव खाली येतो, त्याला हा शब्द लागू नाही. तिथे साधा 'ड्रॉप' पुरे, आणि भाव पार कोसळला असेल तर 'स्लम्प'.

आता हेच मराठीत म्हणून बघ. 'त्याच्या उत्साहाला ओहोटी लागली' हे आपण सहज म्हणतो. 'पुढाऱ्याच्या लोकप्रियतेला ओहोटी लागली' हेही. पण 'सुरमईच्या भावाला ओहोटी लागली' असं बाजारात कोण म्हणेल? भाव उतरतो, पडतो, गडगडतो. बाईंना जे खटकलं ते तुझ्या कानालाही खटकलं असतं, पण मधे 'कमी होणे' हा सपाट अर्थ आडवा आला. दोन भाषांची वाट प्रत्येक शब्दाला अशी जुळत नाही, पण इथे ती नेमकी जुळते.

तुझ्या यादीत 'कमी होणे'समोर आणखी चार-पाच शब्द असणारच: अबेट, रिसीड, सबसाइड, वेन, ड्विंडल. ते एका ओळीत पाठ करू नकोस. ३ जून २०२० आठव. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तुमच्या दापोलीलाही त्याने झोडपलं. मग वाऱ्याचा जोर ओसरला. तो 'अबेट'. वारा, पाऊस, गोंगाट, रोगाची साथ, ज्याला जोर असतो ते अबेट होतं. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाच्या मुळाचा अर्थच मारून खाली पाडणं असा होता. पुढच्या वर्षी जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. ते पाणी रस्त्यांवरून मागे हटलं ते 'रिसीड', पातळी खाली बसली ते 'सबसाइड'. लॅटिनमध्ये सबसाइडचा अर्थ खाली बसणं, आणि गाळाला म्हणतात तो 'सेडिमेंट' त्याच कुळातला. म्हणूनच जमीन खचते, सूज उतरते, राग निवतो तेव्हाही इंग्रजीत सबसाइडच येतो. मराठीने तिन्हींना वेगळी क्रियापदं दिली, इंग्रजीने एकच. मला हा शब्द त्यासाठी फार आवडतो.

'वेन' चंद्राचा: कृष्णपक्षात कलेकलेने घटणं, आणि तसंच सत्तेचं, दबदब्याचं. 'ड्विंडल' साठ्याचा आणि संख्येचा: कणगीतलं भात, डब्यातली सुकी मासळी, शाळेचा पट.

म्हणून वहीत शब्दासमोर आधी अर्थ लिहू नकोस, काय एब होतं ते लिही. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, असं फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९५७मध्ये म्हटलं होतं. ही संगत दाखवणारे शब्दकोश खास इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच केलेले असतात. हॉर्नबीचा कोश १९४२ साली तोक्योत निघाला, तोच पुढे ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स झाला. लाँगमनच्या १९७८च्या कोशात व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच बसवल्या होत्या. १९८७चा कोबिल्ड हा कोश तर व्याख्याच पूर्ण वाक्यात देतो, त्यामुळे व्याख्येतच वापर दिसतो. यांपैकी एक जवळ असावाच. आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उलट्या बाजूने वापर. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, आता संगणकावरही बघता येते. ओसरणे, आटणे, रोडावणे, मचूळ असे आपले शब्द काढ आणि त्यांच्यापुढे कोणते इंग्रजी शब्द मांडलेत ते वाच. इंग्रजी जुनं आहे, त्यामुळे तिथे सापडलेला शब्द नव्या कोशात एकदा पडताळून घे.

राहिली 'स्प्रिंग टाइड'. वसंताशी तिचा संबंध नाही. इथला 'स्प्रिंग' उसळण्याचा. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी जास्त चढतं, तेच आपलं उधाण, बाराही महिने दर पंधरवड्याला येणारं. त्याच्या उलट 'नीप टाइड', म्हणजे भांगाची, कमी चढणारी भरती. पुनवेला पाण्याची रेघ जिथवर आली असेल तिथे किनाऱ्यावर खूण करून ठेव, आणि अष्टमी-नवमीला जाऊन बघ पाणी तिच्या किती अलीकडे थांबतं.