कपाट कपड्यांनी भरून वाहतंय, तरी घालायला काही सापडत नाही. कोणते कपडे ठेवायचे आणि कोणते काढायचे हे कसं ठरवावं?

तुम्ही लिहिलंय की दार उघडलं की कपडे अंगावर येतात, दोनदा सगळं पलंगावर उपसलं आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून होतं तसं परत कोंबलं. सगळं एकदम उपसलं की हे होणारच हो. सुरुवातीला उत्साह असतो, पटापट निकाल लागतात, मग एखादा जुना ड्रेस हातात येतो, तो कधी घातलेला ते आठवत बसतो आपण, आणि त्यानंतर जे जे हातात येईल ते "असू दे" मध्ये जातं. म्हणून माझं म्हणणं असं की कपाटापासून सुरुवात करूच नका, धुण्यापासून करा.

मी अल्टरेशनची कामं घेते, फिटिंग, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं असलं सगळं, त्यामुळे दुसऱ्यांची कपाटं मला त्यांच्या पिशव्यांमधून दिसतात. लोक ज्या कपड्यासाठी जीव टाकतात, म्हणजे "ताई, काहीही करा पण हा वाचवा" म्हणतात, तो जवळजवळ नेहमी रोजच्या वापरातला, विटलेला, स्वस्तातला कपडा असतो. आणि जो महागाचा असतो तो फिटिंग करून तयार होऊन माझ्याकडेच पडून राहतो, न्यायला कोणी येत नाही, फोन केला तर "हो हो, येते" म्हणतात आणि महिना जातो. यातच तुमचं अर्धं उत्तर आहे खरं तर.

तर पुढचे तीनेक आठवडे एवढंच करा. धुऊन वाळलेले कपडे कपाटात परत ठेवायचे नाहीत. एक खण रिकामा करा, किंवा खुर्ची घ्या, किंवा दाराच्या मागचा हूक, काहीही, आणि वाळलेले कपडे तिकडेच ठेवत जा आणि घालताना आधी तिथूनच घ्या. त्यातलं काही चालणार नसेल तरच कपाट उघडायचं. तीन आठवड्यांनी तिथे जो ढीग असेल तो तुमचा खरा वॉर्डरोब. बाकीचं कपाटात आहे ते म्हणजे तुमच्या डोक्यातले तुम्ही. (थंडीचे, पावसाचे कपडे यातून वगळा, त्यांचा हिशोब त्या त्या सीझनला.)

आता तो ढीग नीट बघा, ही पायरी बरेच जण सोडून देतात आणि खरी मजा तिथेच आहे. गळा कसला आहे, बंद की मोकळा? कापड अंगाला चिकटतं की सुटं राहतं? बाही कुठवर? खिसा आहे का? इस्त्री लागते का? रंग कुठले? माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाईकाला आम्ही दोघींनी मिळून असं करून बघितलं तेव्हा निघालं की ती घालते ते सगळे कुर्ते गडद रंगाचे, सुती आणि उजव्या बाजूला खिसा असलेले, आणि कपाटात मात्र फिक्या रंगाचे, सिंथेटिक, बिनखिशाचे ढीगभर, कारण दुकानात तेच छान दिसतात. तिला स्वतःला पटेना, ती म्हणे मला तर पेस्टल कलरच आवडतात! आवडतात की, बघायला आवडतात. घालायला नाही. हे एकदा कळलं की निवडायचं काम फार सोपं होतं, कारण मग प्रत्येक कपड्यापुढे बसून विचार करावा लागत नाही, नुसतं त्या ढिगाशी जुळतो का बघायचं.

मग एक एक खण घ्या. एका वेळी एकच, आणि तो संपला की दिवस संपला. खणात आधी काय बघायचं तर कपड्याची तब्येत, आवडनिवड नंतर. शर्ट उन्हाकडे धरा, काखेत आणि पाठीवर कापड विरलं असेल तर आरपार दिसतं, ते आता रफू करून काही टिकत नाही, बाजूला पुन्हा फाटतं. कॉलरची घडी जिथे मानेला घासते तिथे धागे निघालेत का ते बघा. इलॅस्टिक कानाजवळ धरून ताणा, चरचर असा बारीक आवाज आला तर आतलं रबर मेलंय. नुसतं कमरेचं इलॅस्टिक असेल तर बदलता येतं, स्वस्तात होतं. पण पूर्ण कापडच स्ट्रेचेबल आहे, म्हणजे लेगिंग्ज किंवा स्ट्रेच जीन्स, आणि गुडघ्याला फुगा आलाय जो धुतल्यावरही जात नाही, तर त्याला इलाज नाही. आणि ते खोट्या लेदरचं जॅकेट असतं ना, जपून ठेवलेलं, त्याला आतून कोपराशी एकदा नखाने खरवडून बघा. पापुद्रे निघायला लागले असतील तर हवेतल्या दमटपणाने वरचा पॉलीयुरेथेन या प्लॅस्टिकचा थर सुटत चाललाय, तो न घालताही सुटतोच. म्हणजे चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलेली वस्तू राखून ठेवूनच संपते.

एवढ्यानेच बरंच कमी होतं. पण तुमचा खरा प्रश्न धडधाकट कपड्यांचा आहे हे मला माहितीये, कारण फाटकं टाकायला कोणाला सल्ला लागत नाही.

धडधाकट पण न घातलेल्या कपड्याला हात सुटत नाही याचं कारण आपण चिकट आहोत असं नाही, माणसाचं डोकंच तसं चालतं. १९९० मध्ये डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी एक प्रयोग छापला होता, त्यात वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट दिले आणि विचारलं की केवढ्याला विकाल, उरलेल्यांना विचारलं की केवढ्याला घ्याल. कॉफीचा मग तोच, पण ज्यांच्या हातात होता त्यांनी दुपटीच्या आसपास किंमत सांगितली. आणि तो मग त्यांच्याकडे येऊन काही मिनिटंच झाली होती! तुमचा ड्रेस तर वर्षानुवर्षं तुमच्याकडे आहे. म्हणून "हा काढू का?" असं स्वतःला विचारायचंच नाही, उत्तर कायम "नको" येणार. विचारायचं असं की हा आत्ता दुकानात हँगरला दिसला असता, तर आज पैसे मोजून घेतला असता का? आणि लगेच पुढचं, येत्या आठवड्यात घालेन का, आणि कशावर? "कशावर" ला उत्तर नसेल तर तो कपडा एकटा पडलाय, त्याला जोडी आणायला तुम्ही अजून दोन गोष्टी विकत आणणार आणि कपाट अजून भरणार. राहता राहिली महाग घेतला होता ही गोष्ट, तर ते पैसे घेतला त्या दिवशीच गेले, कपाटात ठेवून ते परत यायचे नाहीत.

आता "बारीक झाल्यावर घालीन" वाले. यावर लोक एकतर प्रवचन देतात नाहीतर सगळे टाका म्हणतात, मला दोन्ही पटत नाही, मी शिवणाच्या बाजूने सांगते. आधी खांदा बघा. खांदा बरोबर बसत असेल तर बाकीचं बऱ्यापैकी होऊ शकतं, खांदाच उतरत असेल किंवा दाटत असेल तर बाही उसवून नव्याने बसवावी लागते आणि ते काम कपड्याच्या किमतीला परवडत नाही, असा कपडा सरळ काढा. सैल कपडा आत घेणं सोपं. घट्ट कपडा सोडवायचा तर आत मार्जिन पाहिजे, तो उलटा करून बाजूची शिवण बघा, रेडिमेडमध्ये बहुतेक वेळा जेमतेम सेंटिमीटरभर कापड असतं, ते सोडवून काही हाती लागत नाही आणि वरून जुन्या शिलाईची भोकं आणि न विटलेल्या कापडाची पट्टी दिसते. फॉर्मल पँटला मागच्या मधल्या शिवणीत मार्जिन सोडलेलं असतं, ती कमरेत सैल होते. जीन्सची शिवण दुमडून डबल टीप मारलेली असते, तिथे काही नाही. हे सगळं बघून जे उरतील त्यातले एक साइज खालचे, खरंच आवडते, दोन-तीन ठेवा की, काही बिघडत नाही. फक्त रोज दार उघडल्यावर नजरेला पडतील असे नको, वरच्या खणात. सकाळी सकाळी स्वतःच्या कपाटाने टोमणा मारलेला कोणाला आवडेल.

अल्टर करायचे म्हणून बाजूला काढलेले कपडे कपाटात परत जाऊ देऊ नका हं. पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. महिन्याभरात टेलरकडे गेले नाहीत तर ते तुम्हाला नकोयत, एवढाच त्याचा अर्थ. (आणि दिलेत तर न्यायलाही या कृपया. माझ्याकडची मांडणी म्हणजे दुसऱ्यांचं कपाट झालंय.)

एकसारख्या गोष्टी. चार काळ्या पँट असतील तर चारही समोर ठेवून डोळे मिटून विचार करा की उद्या महत्त्वाचं काम आहे, कोणती घालाल, ती एक. ती धुवायला असेल तर कोणती, ती दुसरी. तिसरीपासून पुढच्या कशासाठी आहेत ते मला सांगा. मोजे, आतले कपडे यावर वेळ घालवू नका, सैल झालेले, जोडी हरवलेले सरळ बाहेर.

आठवणीतले कपडे मात्र या सगळ्यातून वेगळे. आईची साडी, बाळाचं पहिलं झबलं, गेलेल्या माणसाचा शर्ट, यांना वरचे कुठलेच प्रश्न विचारू नका, कारण ते घालण्यासाठी ठेवलेले नाहीतच. अडचण एवढीच की ते रोजच्या कपड्यांच्या खणात असतात आणि त्यांच्यामुळे बाकीचा निर्णय पण हळवा होतो. त्यांना वेगळी पेटी द्या, एकच, आणि ती भरली की त्यातल्यात्यात निवडा. ठेवण्याआधी धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा अडकतो. रेशमी आणि जरीचं असेल तर मधून मधून घडी बदलत जा, एकाच रेघेवर वर्षानुवर्षं दुमड राहिली की तिथेच चिरतं.

दमटपणावरून आठवलं, गच्च भरलेलं कपाट कपडे खराबही करतं. आत हवा खेळत नाही, कुबट वास येतो, बुरशीचे ठिपके पडतात. कसर लागते ती पण अशाच न हलवलेल्या ढिगात. ते उडणारं बारीक पाखरू कपडे खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला लोकर, रेशीम, पिसं असलं प्राणिज लागतं, त्यातही घामाचा नाहीतर अन्नाचा डाग असलेलं जास्त. म्हणजे एकदाच घातलाय म्हणून न धुता ठेवलेला स्वेटर तिला फार आवडतो. डांबराच्या गोळ्या भरभरून टाकू नका, नॅफ्थलीनची वाफ माणसालाही चांगली नाही, G6PD ची (रक्तातल्या लाल पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांना तर ती धोक्याची असते, युरोपियन युनियनने २००८ मध्ये त्या गोळ्यांवर बंदीच घातली. स्वच्छ धुणं आणि महिन्या-दोन महिन्यांनी झटकून उन्हं दाखवणं जास्त उपयोगी. आणि स्वेटर हँगरला लावू नका, खांद्याला कोंब येतात, घडी करून ठेवा.

काढलेल्या कपड्यांचं काय करायचं हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर पिशव्या पलंगाखाली जातात आणि तुम्ही एक दिवस त्या उघडून बघता, संपलं मग. धड आहेत ते ज्याला खरंच हवेत त्याला विचारून द्या, धुऊन, बटणं लावून. फाटके, डागाळलेले "गरिबांना" देणं हा प्रकार मला बघवत नाही, आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा आणि वर पुण्य घ्यायचं. चिलीमध्ये अटाकामा वाळवंटात जगभरातून आलेल्या नको असलेल्या कपड्यांचे डोंगर साठलेत, त्यातले कित्येक कोणीतरी असेच मनापासून देऊन टाकलेले असणार. फाटक्यातलं सुती असेल ते कापून फडकी करा, पाणी छान शोषतं. पॉलिएस्टरची फडकी करू नका, ती पाणी नुसतं इकडून तिकडे फिरवतात.

किती ठेवायचे याचा आकडा विचारलात, तो असा नाही सांगता येणार. आठवड्यातून एकदा धुणं निघत असेल तर तेवढे दिवस पुरून चार-पाच जास्तीचे, रोज निघत असेल तर बरेच कमी चालतात. हँगरवरचे कपडे सरकवून मध्ये हात घालता आला आणि खणातला खालचा कपडा वरचे न पाडता काढता आला की थांबा, त्यापुढे उगाच कमी करत बसू नका.

आणि घरातल्या दुसऱ्या कोणाचे कपडे, नवरा असो, मुलं असोत, सासूबाई असोत, त्यांना न विचारता काढू नका. तो विटका टी-शर्ट त्यांच्या ढिगातला असतो, तुमच्या नाही.