बेस गिटारचं नोटेशन दुसऱ्याला वाचून वाजवता येईल असं कसं लिहावं? आणि वापरलेला बेस विकताना जाहिरातीत काय काय द्यावं?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: तुम्ही बँड सोडताय, गाण्यांचे टॅब (कोणत्या तारेवर कोणता फ्रेट, म्हणजे नेकवरची कोणती पट्टी, दाबायची ते आकड्यांत सांगणारं लेखन) नव्या बेसिस्टला दिलेत पण त्याला त्यावरून काही वाजवता येत नाही, आणि चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरी न लागणारा) बेसही विकायचा आहे. पहिल्या भागाचं उत्तर लांब आहे, आधी तेच घेतो.

नुसत्या टॅबमधून बोट कुठे ठेवायचं ते कळतं, पण कधी ठेवायचं आणि कधी उचलायचं ते कळत नाही. तुम्हाला गाणं पाठ असतं, म्हणून आकडे पुरतात. नव्या माणसाला ताल कागदावरच दिसला पाहिजे. तेव्हा वर स्टाफ (पाच रेषांचं पाश्चात्य नोटेशन) आणि खाली त्याला जोडलेला टॅब, असं दुहेरी लिहा. म्यूझस्कोर या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये हे फुकट होतं: एकीकडे सूर बदलला की दुसरीकडे आपोआप बदलतो. बेस लिहिला जातो त्याच्या एक सप्तक खाली वाजतो. म्हणून मोकळा ई (सगळ्यात जाड, चौथी तार न दाबता वाजवली की येणारा सूर) खर्जाच्या, म्हणजे बेस क्लेफच्या, स्टाफखाली पहिल्या जादा रेषेवर येतो. वाद्य निवडताना पियानो ठेवून बेस क्लेफ लावलात, तर सगळं एक सप्तक चुकतं आणि निम्मे सूर जादा रेषांच्या जंगलात जातात.

लिहायला बसण्याआधी रेकॉर्डिंगची पट्टी तपासा. जुनी रेकॉर्डिंग बऱ्याचदा दोन सुरांच्या मधेच कुठेतरी असतात. अशा वेळी बेस त्याच्याशी जुळवत बसू नका, सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगच सरकवा. मोकळ्या ईच्या खालचा सूर ऐकू आला तर तीन शक्यता: ड्रॉप डी (फक्त ईची तार डीपर्यंत उतरवलेली), पाच तारांचा बेस, किंवा चारही तारा अर्धा सूर उतरवलेल्या. कोणतं ट्यूनिंग ते पानाच्या डोक्यावरच लिहा.

मग गाण्याचा आराखडा. एकही सूर न लिहिता फक्त बार (तालाचे सारखे कप्पे) मोजत गाणं शेवटपर्यंत ऐका: इंट्रो ४, अंतरा १६, कोरस ८, असं. मधेच एखादा दोन मात्रांचा बार घुसवलेला असतो आणि तो सुटला की पुढचं सगळं नोटेशन सरकतं. प्रत्येक भागाला अ, ब, क अशी चौकटीतली खूण द्या आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बार क्रमांक टाका. तालमीत 'ब पासून घे' म्हणता आलं पाहिजे.

ऐकण्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट. मोकळ्या ईची मूळ कंपनसंख्या ४१.२ हर्ट्झ असते. फोनच्या स्पीकरला ती वाजवताच येत नाही. तुम्ही ऐकता ते तिच्या वरचे उपस्वर. त्यामुळे सप्तक चुकण्याचा धोका असतो. हेडफोन लावा, वेग ६० ते ७० टक्क्यांवर आणा आणि अवघड जागा एक सप्तक वर चढवून ऐका. गढूळ वाटणारे सूर लगेच सुटे होतात. गाण्यातून बेस वेगळा काढून देणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात. ती जरूर वापरा, पण त्यात किक ड्रमचा ठोका बेसच्या ट्रॅकमध्ये मिसळतो आणि घोस्ट नोटसारखा (तार दाबून मुकी केल्यावर येणाऱ्या नुसत्या ठोक्यासारखा) भासतो. शंका आली की मूळ रेकॉर्डिंगवर पडताळून बघा.

आता तालाचं लेखन. नोटेशन न वाचता येण्याचं सगळ्यात मोठं कारण मला इथेच दिसतं. ४/४ च्या बारमध्ये तिसरी मात्रा डोळ्याला दिसलीच पाहिजे. समजा, दुसऱ्या मात्रेच्या 'अँड'वर, म्हणजे तिच्या मधोमध, सूर सुरू होतो आणि एक मात्रा टिकतो. तो एक क्वार्टर नोट (एका मात्रेचा सूर) म्हणून लिहिला तर गणित बरोबर असतं, पण बारचा मध्य त्याच्या पोटात गडप होतो आणि वाचणारा तिथे अडखळतो. तोच सूर दोन एट्थ नोट (अर्ध्या मात्रेचे सूर) टायने, म्हणजे जोडणाऱ्या कमानीने, जोडून लिहा, दुसरी एट्थ तिसऱ्या मात्रेवर येईल अशी. सोळांशात (पाव मात्रेच्या सुरांत) वाजवलेल्या फंकमध्ये तर प्रत्येक मात्रेचा गट वेगळा दिसायला हवा. गाणं स्विंगमध्ये (मात्रेचा पहिला अर्धा लांब, दुसरा आखूड) असेल तर ट्रिपलेट लिहीत बसू नका. साध्या एट्थ लिहून वर 'स्विंग' एवढंच टाका.

सूर थांबतो कुठे, हे बेसमध्ये सुरू होण्याइतकंच महत्त्वाचं. क्वार्टर नोट पूर्ण टिकते, की अर्ध्यावर हात ठेवून बंद केली आहे? स्नेअरच्या ठोक्यावर बेस गप्प होत असेल तर तिथे रेस्ट (शांततेची खूण) लिहा. पण प्रत्येक सूर किंचित तुटक असेल तर रेस्टची खडी पेरू नका. स्टकाटोचा टिंब पुरतो, किंवा सुरुवातीला 'सगळे सूर तुटक' अशी सूचना. घोस्ट नोटला फुलीचं डोकं, हॅमर-ऑन आणि पुल-ऑफला (डाव्या हाताचं बोट आपटून किंवा ओढून काढलेल्या सुरांना) स्लरची कमान, स्लॅपमध्ये अंगठ्याच्या ठोक्याला टी आणि पॉपला (तार बोटाने खेचून सोडण्याला) पी.

टॅब लिहिताना तार निवडणं हा निर्णय असतो. एकच डी तीन जागी मिळतो: दुसरी तार मोकळी, तिसऱ्या तारेचा ५ वा फ्रेट, चौथ्या तारेचा १० वा फ्रेट. मोकळी तार खणखणीत वाजते आणि हात सरकत असतानाही चालू राहते. दहाव्या फ्रेटवर तोच सूर जाड आणि बोजड लागतो. स्लाइड ऐकू आली तर तार मोकळी नाही हे नक्की. तरीही ठरत नसेल तर आधीचा आणि नंतरचा सूर बघा आणि हाताचा सगळ्यात कमी प्रवास धरा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमर्सन याच्या ओळी लिहिताना मात्र मोकळ्या तारांचा आधी विचार करा. तो त्या भरपूर वापरायचा, आणि ते सूर पाचव्या फ्रेटवर कोंबले की ओळ विनाकारण अवघड होते. सॉफ्टवेअरने आपोआप बनवलेला टॅब तसाच ठेवू नका, ते हाताचा विचार करत नाही.

कॉर्डची नावं स्टाफच्या वर लिहाच. ई सेव्हनवरचा तिसरा सूर जी शार्प आहे. ए फ्लॅट लिहिलात तर वाचणाऱ्याला कॉर्डचा आकार दिसत नाही. एका ओळीत चार बार ठेवा, फ्रेज तशी मोडत नसेल तरच बदला. तोच बार पुन्हा आला तर पुनरावृत्तीची खूण, पण फिल (दोन भागांमधली छोटी भर) बदलत असेल तिथे पूर्ण लिहा. पान उलटण्याची जागा रेस्टवर आणा. कोरसमध्ये दर वेळी होणारा बारीकसारीक फरक उतरवायचा की नाही? बँडसाठी माझं मत नाही. मूळ ग्रूव्ह एकदा नीट, महत्त्वाचे फिल अचूक, बाकी ठिकाणी 'याच धर्तीवर'.

तपासायला कॉम्प्युटरचं प्लेबॅक वापराल तर सूर चुकलेला कळेल, लेखन वाईट असलेलं कळणार नाही, कारण मशीन काहीही वाचतं. कागद दोन दिवस बाजूला ठेवा, मग गाणं न लावता मेट्रोनोमवर संथ वाचून बघा. अडखळाल ती जागा पुन्हा लिहा.

आता विक्री. जाहिरातीत मॉडेल, सीरियल नंबर, स्केलची, म्हणजे तारेच्या वाजत्या भागाची, लांबी (३४ इंच लाँग, ३० इंच शॉर्ट), तारांचा गेज (जाडी) आणि वजन द्या. वजन अंदाजे नको: बेस घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग तो खाली ठेवून पुन्हा, आणि वजाबाकी करा. ४ किलो आणि ४.८ किलो यांतला फरक दोन तासांच्या कार्यक्रमात खांद्याला कळतो, म्हणून ग्राहक हे विचारतोच.

विकण्याआधी नेक बघा. चौथी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथे दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली साधारण ०.३ मिमी फट हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग ट्यून करून पुन्हा मोजा. रॉडचा नट फिरतच नसेल तर जोर लावू नका आणि ही गोष्ट जाहिरातीत लिहा. ट्रस रॉड आणखी कसता न येणारा बेस ते लपवून विकणं म्हणजे भांडण विकत घेणं. १७ व्या फ्रेटवर तारांची उंची २ ते २.५ मिमी असेल तर सेटअप ठीक म्हणता येतो. नॉब खरखरत असतील तर पॉटमध्ये (नॉबखालच्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा. जॅक सैल असेल तर बाहेरचा नट कसताना आतला जॅक धरून ठेवा, नाहीतर तो फिरून वायर तुटते. रोजवुडच्या फिंगरबोर्डला थोडं लेमन ऑइल चालतं, लॅकर केलेल्या मेपलला नाही.

फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय: पुढून, मागून, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजू, सीरियल नंबर, नेकचा जोड, ब्रिज, आणि तिरक्या उजेडात पहिले पाच फ्रेट, म्हणजे झीज दिसेल. प्रत्येक टवका जवळून. पिकअप किंवा पॉट बदलले असतील तर सांगा, मूळ भाग जपले असतील तर सोबत द्या. एक मिनिटाचं रेकॉर्डिंगही जोडा: टोन पूर्ण उघडा, इक्यू काही नाही, प्रत्येक तार फ्रेट दर फ्रेट. पहिल्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझत असेल तर तो डेड स्पॉट. बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने बॉडीला जोडलेल्या) बेसवर तो बऱ्याचदा सापडतो. उल्लेख करा आणि सोडून द्या. किंमत ठरवताना इतरांनी मागितलेल्या किमती बघू नका, तसा बेस प्रत्यक्षात कितीला गेला ते बघा.

पार्सलने पाठवायचा असेल तर तारा एक-दोन सूर उतरवा, पूर्ण सैल नकोत. केसमध्ये हेडस्टॉकखाली आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कापड ठासून भरा. तिरक्या हेडस्टॉकचे बेस खोका पडला की नटपाशीच (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीपाशी) मोडतात. स्ट्रॅपच्या खालच्या बटणाखाली जाड फोम ठेवा, नाहीतर खोका उभा आपटला की बटण लाकडात घुसतं. केस खोक्यात घातल्यावर खोका हलवून बघा. आतून आवाज आला तर उघडून पुन्हा भरा.