करार रियाधला, काळजी उद्यमनगरात

(उद्यमनगरातले एक वर्कशॉपवाले पालक लिहितात: लेक राज्यशास्त्रात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला संरक्षण व सामरिक शास्त्रात एम.ए. करायचंय. दोन देशांनी करार केला काय नि मोडला काय, आमच्या पोरीला पगार कोण देणार?)

नमस्कार,

आधी पगाराचं. या पदवीवर थेट नोकरी देणाऱ्या जागा थोड्याच आहेत, हे कबूल. दिल्लीतल्या अभ्याससंस्था, प्राध्यापकी (नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला हा स्वतंत्र विषय आहे), पत्रकारिता आणि यूपीएससी. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात भारताशी संबंधित करार अभ्यासक्रमातच आहेत.

पण 'केला काय नि मोडला काय' हे काही पटलं नाही. भागीदारीचा कागद करताना तुम्ही वकिलाकडून शब्द न् शब्द तपासून घेता ना? लेकीला तेच शिकायचंय. ऑगस्ट 1971 चा भारत-सोव्हिएत करार घ्या. एकमेकांशी लढणाऱ्या देशाला मदत करणार नाही, आणि हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला तर लगेच विचारविनिमय करून योग्य ती पावलं उचलू, एवढं नवव्या कलमात आहे. 'तुमच्यासाठी लढू' असं कुठं नाही. तरी डिसेंबरात, बांगलादेश युद्धाच्या वेळी, अमेरिकी नौदल बंगालच्या उपसागरात आलं, तेव्हा त्यांच्या मागावर सोव्हिएत जहाजंही आली. सप्टेंबर 2025 मध्ये सौदीच्या राजधानीत, रियाधला झालेल्या सौदी-पाकिस्तान कराराची भाषा मात्र जबर: एकावरचा हल्ला तो दोघांवरचा. पण सौदीचं तेल आपण घेतो, आपली लाखो माणसं तिथं राबतात. मग भारत-पाकिस्तान लढाईची वेळ आलीच तर रियाध किती पुढं येईल? ते नुसत्या कलमात सापडायचं नाही, व्यवहारात शोधावं लागतं.

शिवाय दोघांनी हात मिळवले की तिसरा धास्तावतो, तोही शस्त्रं जमवतो, नि ते बघून पहिले दोघे आणखी. बांधाची भांडणं तुम्हाला मी काय सांगायची! कधी मित्रच दुखावतो. 2021 मध्ये अमेरिका-ब्रिटन-ऑस्ट्रेलिया एकत्र आले, फ्रान्सचा ऑस्ट्रेलियाशी ठरलेला पाणबुड्यांचा सौदा बुडाला, आणि फ्रान्सनं वॉशिंग्टन नि कॅनबेरातले राजदूत माघारी बोलावले.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात या विषयाचा विभाग आहे. सोबत अरबी, चिनी किंवा रशियन यांतली एक भाषा तिनं शिकावीच, नुसत्या एम.ए.वर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

येत्या रविवारी एक करा. 1971 च्या कराराचं नववं कलम तिच्याकडून वाचून घ्या नि 'यात लढायचं वचन नाही, मग उपयोग काय?' असं विचारा. दहा मिनिटांत, साध्या मराठीत तिनं तुम्हाला पटवलं, तर पुण्याची फी भरा. नाही जमलं, तर दोघं मिळून मला पुन्हा लिहा.