मिरजेचा तानपुरा, पेटी आणि तबला विमानाने अमेरिकेला सुखरूप कसा न्यावा?

आपण विचारले आहे की, आपली मुलगी दोन महिन्यांनी पुण्याहून न्यू जर्सीला राहायला जात आहे आणि तिच्यासोबत मिरजेहून करवून घेतलेला तानपुरा, पेटी व तबल्याची जोडी पाठवायची आहे, तर विमान कंपनी ही वाद्ये नेऊ देईल का आणि पेटारा कसा घ्यावा. मी पेटीची साथ करतो. गेली बावीस वर्षे गायकांबरोबर देशात आणि परदेशात हिंडताना स्वतःच्या पेटीइतकीच इतरांच्या तानपुऱ्यांची ने-आणही माझ्याकडे आली, कारण गायकाने घसा सांभाळायचा आणि साथीदाराने सामान, अशी आमच्याकडे रूढ वाटणी आहे. तिन्ही वाद्ये जातात. पेटी आणि तबला फारसा त्रास देत नाहीत. जीव टांगणीला लागतो तो तानपुऱ्यापायी, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. (येथे पेटी म्हणजे हार्मोनियम, वाद्य ज्यात ठेवायचे त्याला पेटारा म्हणतो, नाहीतर विमानतळावर होतो तसा घोळ येथेही होईल.)

तानपुऱ्याची अडचण त्याच्या घडणीतच आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारा मोठा भोपळा वाळवून, पोखरून त्यावर लाकडी तबली, म्हणजे सपाट झाकण, बसवतात आणि गळ्याशी लांब दांडी जोडतात. वाळलेल्या भोपळ्याची साल कडक असते, पण तिच्यात लवचीकपणा नसतो. सर्व बाजूंनी सारखा पडलेला दाब ती सोसते, एका बिंदूवर बसलेला धक्का सोसत नाही. त्यामुळे तानपुरा बहुधा दोनच ठिकाणी फुटतो, भोपळ्याच्या बुडाशी किंवा गळ्याच्या जोडाशी. लोक पेटाऱ्याच्या बाहेरच्या कवचावर हजारो रुपये घालतात आणि आत वाद्य हलत राहते. मी जे फुटलेले तानपुरे पाहिले, त्यांतले बहुतेक बाहेरून मार बसून फुटलेले नव्हते. ते पेटाऱ्यातल्या रिकाम्या जागेत आपटून फुटलेले होते.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका दौऱ्यात आम्ही नवाकोरा फायबरचा पेटारा वापरला होता. मुक्कामी पोहोचल्यावर पाहिले तर त्यावर ओरखडाही नव्हता आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. पेटारा उघडला, तबली शाबूत, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जागेवर, तारा जशाच्या तशा. वाद्य उचलून उभे करताना मात्र भोपळ्याच्या आत काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. बुडाचा तळहाताएवढा तुकडा फुटून आत पडला होता. भोपळ्याच्या बुडाखाली तीन बोटांची जागा रिकामी होती, तीत आम्ही एक शाल कोंबली होती आणि प्रवासात ती एका कोपऱ्यात सरकली होती. वाटेत कोणीतरी पेटारा उभा आदळला असणार. ती मैफल इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर निभावली. परत आल्यावर मिरजेच्या कारागिरांनी वाद्य बाजूला ठेवून आधी पेटारा उघडून पाहिला आणि म्हणाले, ‘‘तानपुरा यात झोपलेला नव्हता, लटकलेला होता.’’

तेव्हापासून मी अशी बांधणी करतो. भोपळ्याच्या बुडाखाली आणि भोवताली दाट फोम त्याच आकारात कापून बसवून घेतो. गळ्याखाली वेगळी उशी आणि दांडीखाली शेवटपर्यंत सलग आधार देतो. खुंट्यांचा भाग पेटाऱ्याच्या भिंतीला टेकता कामा नये, कारण पेटारा त्या बाजूवर पडला की सगळा भार खुंट्यांवर आणि तेथून दांडीवर येतो. उरलेल्या फटींत जुन्या गोधडीचे तुकडे भरतो. गोधडी सरकत नाही आणि दबली तरी फुगून येते. पेंढा किंवा गवत अजिबात वापरू नये, अमेरिकेच्या कृषी तपासणीत ते अडवतात. तारा तीन-चार सुरांनी उतरवाव्यात, पण पूर्ण सैल करू नयेत, कारण घोडी चिकटवलेली नसेल तर ती केवळ तारांच्या दाबावर उभी असते. घोडीच्या कडेने पेन्सिलीची पुसट रेघ मारून ठेवावी आणि तारा व तबली यांच्यामध्ये मऊ कापडाची घडी सरकवावी. स्वर बारकाईने जुळवण्याचे मणी, घोडीवर तारांखाली घालायचे जवारीचे सूत आणि जादा तारा छोट्या पिशवीत घालून हातातल्या सामानात ठेवाव्यात. शेवटी पेटारा बंद करून दोघांनी उभा धरावा आणि हलकेच हलवावा. आतून जराही आवाज आला तर कितीही उशीर झालेला असो, उघडून पुन्हा बांधावा.

आता मापाचे पाहू. बहुतेक कंपन्यांत लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत असलेला नग साधे सामान धरला जातो आणि इकॉनॉमी वर्गात त्याचे वजन २३ किलोपर्यंत चालते. पुरुषी, म्हणजे गायकांच्या खालच्या स्वराच्या मोठ्या तानपुऱ्याची (गायिकांचा लहान तो बायकी) नुसती लांबीच पेटाऱ्यासह जवळजवळ तितकी भरते, म्हणजे तो मोठ्या मापाच्या सामानात जाणार आणि त्याचे वेगळे शुल्क पडणार, हे गृहीतच धरावे. तिकीट काढल्यावर लगेच पेटाऱ्याची मापे आणि वजन कंपनीला ईमेलने कळवून लेखी होकार घ्यावा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. फोनवरचा होकार काउंटरवर कोणालाही आठवत नाही. चेक-इन झाल्यावर पेटारा नेहमीच्या पट्ट्यावर सोडू न देता मोठ्या सामानाच्या खिडकीवर स्वतः नेऊन द्यावा. मुंबईहून न्यूअर्कपर्यंत एकच विमान मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तेच घ्यावे, कारण वाद्याला मार बसतो तो सामान एका विमानातून दुसऱ्यात चढवताना.

शेजारचे आसन विकत घेऊन तानपुरा त्यावर ठेवण्याची कल्पना अनेकांना सुचते. मिरजेत भोपळा परिघाने मोजतात. ५२ इंची भोपळा म्हणजे साडेसोळा इंच व्यास, त्यावर फोम आणि पेटाऱ्याची जाडी. इकॉनॉमीचे आसन मात्र सतरा-अठरा इंचच रुंद असते. बायकी तानपुरा कदाचित बसेल, पुरुषी बसणार नाही. अमेरिकेने २०१२च्या कायद्याने आणि २०१५पासून लागू झालेल्या नियमांनी तेथील विमान कंपन्यांवर वाद्ये नेण्याचे बंधन घातले आहे. लहान वाद्य वरच्या कप्प्यात मावत असेल आणि तेव्हा तेथे जागा असेल, तर ते नेऊ द्यावे लागते. व्हायोलिनवाल्यांना याचा मोठा आधार आहे, तानपुऱ्याला कप्प्याचा उपयोग नाही. शिवाय हे नियम अमेरिकी कंपन्यांपुरतेच आहेत.

माझे प्रांजळ मत विचाराल तर मुलगी अजून शिकत असेल आणि तानपुरा घराण्यातला जुना नसेल, तर मोठा तानपुरा घरीच ठेवावा आणि तिच्यासाठी मिरजेतच मिळणारा चपटा, बिनभोपळ्याचा प्रवासी तानपुरा घ्यावा. त्याचा नाद मोठ्या भोपळ्याची भरघोस आस देत नाही हे खरे, पण रोजच्या रियाजाला तो पुरेसा आहे.

पेटीचे काम सोपे आहे. पेटाऱ्यासह ती साधारणपणे १५८ सेंटिमीटर आणि २३ किलोच्या हिशेबात बसते. भाता बंद करून कडी लावावी, सर्व खटके आत ढकलावेत आणि पट्ट्यांवर वर्तमानपत्राची जाड घडी ठेवून झाकण लावावे, म्हणजे पट्ट्या उडत नाहीत. क्ष-किरण यंत्रात पितळी रीडच्या रांगा विचित्र दिसतात, त्यामुळे पेटारा उघडण्याची शक्यता धरूनच चालावे. खिळे ठोकू नयेत, पट्टे लावावेत आणि झाकणाच्या आतून ‘हे वाद्य आहे, असे पुन्हा ठेवा’ असा इंग्रजी मजकूर व छायाचित्र चिकटवावे.

तबल्याच्या चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे वर सरकवून स्वर ढिला करावा, कारण विमानातल्या आणि तेथील हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत कातडे आकसते आणि आधीच चढलेली पुडी, म्हणजे तोंडावर मढवलेले कातडे, तडकते. डग्गा कपड्यांच्या मोठ्या बॅगेत मधोमध बसवला तरी चालतो. हातोडी मात्र चुकूनही हातातल्या सामानात ठेवू नये. माझ्या एका तबलजी मित्राची वडिलांच्या वेळची हातोडी सुरक्षा तपासणीत गेली ती गेलीच. याच्या उलट, पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातच ठेवायच्या असतात.

वाद्य जुने असेल तर त्यावर हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी आहे का, हे जाणकाराकडून आधी तपासून घ्यावे. असल्यास ते वाद्य पाठवू नये, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते अडकते. शिसवीच्या वाद्यांवर २०१७मध्ये आलेली आंतरराष्ट्रीय परवान्याची अट तयार वाद्यांपुरती नोव्हेंबर २०१९पासून उठली आहे, त्यामुळे जुन्या माहितीने घाबरू नये. वाद्ये पुढे परत आणायची असतील तर निघताना मुंबईच्या सीमाशुल्क कक्षात ती दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना शुल्काचा प्रश्न येत नाही.

काउंटरवर कधीकधी नाजूक सामानाच्या चिठ्ठीवर सही मागतात. ती वाचूनच करावी. पेटारा बंद करण्यापूर्वी वाद्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. आंतरराष्ट्रीय हवाई प्रवासाच्या माँट्रियल करारानुसार विमान कंपनीची सामानाबद्दलची जबाबदारी डिसेंबर २०२४पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास, इतकी मर्यादित आहे. वाद्य त्याहून मोलाचे असल्यास वेगळा विमा उतरवावा. पोहोचल्यावर विमानतळ सोडण्यापूर्वीच मुलीने पेटारे उघडून भोपळ्याचे बूड आणि गळा हाताने चाचपून पाहावा, तानपुरा हलकेच हलवून कान द्यावा आणि काही आढळल्यास तेथेच तक्रार नोंदवावी; नंतर लक्षात आले तरी लेखी तक्रारीची मुदत सातच दिवस असते. तपासणी झाली की पेटारे पुन्हा बंद करून घरी एक दिवस तसेच ठेवावेत, हीटरपासून दूर, आणि मग तारा एकदम न चढवता पहिल्या दिवशी दोन सूर, दुसऱ्या दिवशी उरलेले, अशा बेताने तानपुरा स्वरात आणावा.